अठ्ठावीस अंशांवर सुटलेल्या पेशी

टोकियोतल्या आमच्या प्रयोगशाळेत कुरिहारा मिझुहो बराच काळ एकाच गोष्टीच्या मागे होती. मांडीच्या स्नायूचा तुकडा प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवायला ठेवला की स्नायूपेशींबरोबर तंतुपेशीही वाढतात, आणि बघता बघता सगळी बशी व्यापतात. दुबळ्या हृदयावर ठिगळ लावायचं तर हव्यात फक्त स्नायूपेशी. बशीच्या तळापासून औषधाने सोडवायला गेलं की त्या सोलवटतात. म्हणून मिझुहोच्या बशीच्या तळाला पॉलिमरचा पातळ थर होता. अंगाच्या उबेत पेशी त्याला चिकटून बसत. गार झालं की थर पाणी पिऊन फुगे आणि त्या आपसूक सुटत. पण बर्फावर ठेवल्याबरोबर दोन्ही जाती एकदमच सुटत.

जुलैत हृदयाचे सर्जन सागारा आले. मिझुहोने इन्क्युबेटरमधून बशी काढून टेबलावर ठेवली, तेवढ्यात त्यांनी सुरू केलं.

"आज तरी वेगळ्या होणार का, कुरिहारासान? की पुन्हा सगळं एकात कालवलेलं मिसो सूपच?"

"प्रयत्न करते, सेन्सेई."

"प्रयत्न! वॉर्डातले हागिवारासान रोज विचारतात, 'डॉक्टर, माझं ठिगळ झालं का शिवून?' काय सांगू त्यांना? जन्मभर सोबाच्या शेवया लाटलेला माणूस, आता त्याला चार पायऱ्या चढवत नाहीत."

ते बोलतच राहिले. मिझुहो मान खाली घालून उभी. वीज वाचवायला एसी अठ्ठावीसवर होता, आणि बशी तशीच टेबलावर. शेवटी डोळे लपवायला म्हणून ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. काही पेशी गोल होऊन तरंगत होत्या. बाकीच्या तळाला घट्ट धरून.

"सेन्सेई," ती वर न बघता म्हणाली, "बोलत राहा."

"काय?"

"अजून थोडा वेळ. बशी अशीच राहू दे, बर्फ नको."

शेजारच्या टेबलावर मला हसू आवरेना. 

वरचं पाणी काढून त्यातल्या तरंगत्या पेशी मी ओळखण्यासाठी रंगवल्या. जवळजवळ सगळ्या तंतुपेशी. मग बशी गार केली, तेव्हा स्नायूपेशी सुटल्या. पुढच्या खेपेला जमलं नाही. थर जाड झाला होता. कधी पातळ व्हायचा. हात बसायला ऑक्टोबर उजाडला.

सागारा आले ते हळू पावलांनी.

"हागिवारासान गेले. गेल्या आठवड्यात."

मिझुहो कमरेतून खोल वाकली. 

"मी उशीर केला," ती म्हणाली.

"घाई मी केली होती. तुम्हाला बर्फावर ढकलत होतो." त्यांनी स्टूल ओढलं. "दाखवा."

ते तिच्या शेजारी बसून राहिले. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. तंतुपेशी निघून गेल्या, बशी गार झाली, आणि स्नायूपेशींचा पापुद्रा कडेने अलगद उचलला गेला.

"आता वॉर्डात तशाच दुबळ्या हृदयाच्या एक शिक्षिका आहेत," सागारा म्हणाले. "आधी डुकरांवर बघू. बाईंना मी अजून काही कबूल केलेलं नाही."

"नका करू," मिझुहो म्हणाली, आणि दुसरी बशी काढायला उठली.