सव्वा महिन्याचे पाच आठवडे

सुमनताईंनी फळ्यावर तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं. शेवटचा तास होता, गुरुवारचा उपास होता आणि आठवीच्या वर्गाचं निम्मं लक्ष खिडकीबाहेर होतं.

"टू डेज् लीव्ह. दोन दिवसांची रजा. तर ही रजा कोणाची?"

"माझी, बाई," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"तुझी नाही. दिवसांची. दिवस पुष्कळ, म्हणून आधी एस लिहायचा आणि मग त्याच्या डोक्याशी, पलीकडे, हे अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह द्यायचं. एकच दिवस असला की अलीकडे. थ्री वीक्स हॉलिडे म्हटलं तरी तसंच. सुट्टी आठवड्यांची असते, आपण ती नुसती घ्यायची."

शिकवून शिकवून जीभ जड झाली होती. चिंचवडच्या शाळेत त्या आल्या त्याला आता सात वर्षं होत होती. आसपास कारखाने उभे राहायला लागल्यापासून शाळा सुटली तरी काम सुटत नसे. गावागावांतल्या बायाबापड्या अर्ज लिहून घ्यायला यायच्या आणि सुमनताईंना नाही म्हणता येत नसे.

घंटा झाली. दारात छबूबाई उभी होती. बाटल्यांच्या कारखान्यात धुलाईला होती ती. पहिली पाळी संपवून तशीच आलेली, हात अजून सोड्याने पांढरे.

"ताई, रतनचं नाव काटायला लागल्यात," ती म्हणाली.

"कोण काटतंय? तिची रजा मंजूर आहे. मीच अर्ज लिहिला होता."

"रजा परवाच सरली म्हनं. काल खाडा पडला, आज दुसरा. उद्या न्हाई आली तर तिसरा. तीन खाडे झालं की मस्टरमधनं नाव जातंय."

सुमनताई खुर्चीत बसल्या. रतनबाईचा अर्ज त्यांना पुरता आठवत होता. नववा महिना लागलेली रतन जिन्याशी दम खात आली होती आणि म्हणाली होती, सव्वा महिन्याची रजा लिहा, ताई, बाळंत झाल्या तारखेपासनं. तेव्हाही शेवटचा तास आटोपूनच त्या बसल्या होत्या. महिन्याचे आठवडे चार आणि पाव महिन्याचा एक, असा हिशेब मनाशी करून त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं, फाइव्ह वीक्स लीव्ह. चिन्हसुद्धा जिथल्या तिथे दिलं होतं. पाच आठवडे म्हणजे पस्तीस दिवस.

आणि सव्वा महिना म्हणजे चाळीस. हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पुण्याच्या बाजूच्या कुठल्याही घरात विचारा, बाळंतीण चाळीस दिवस देवाला शिवत नाही, उंबरा ओलांडून कामाला जात नाही. सुमनताईंनी स्वतः दोनदा पाळले होते. एकादशी कुठल्या घटकेला लागते ते त्या पंचांग न उघडता सांगत. आणि दुसऱ्या बाईच्या बाळंतपणाचे पाच दिवस त्यांनी खाऊन टाकले होते.

"चल," त्या म्हणाल्या.

कारखान्याच्या फाटकाशी टाइमकीपर ज्योतीराम होता. माणूस वाईट नव्हता. त्याने बाकाखालून फाइल काढली आणि त्यांचाच कागद त्यांच्यापुढे धरला.

"बघा ताई. साहेबांची सही आहे. साहेब विचारत होते, इतकं नेटकं इंग्रजी कुणी लिहिलं म्हणून."

"चूक माझी आहे हो. सहा आठवडे लिहायला हवे होते. मी आत्ता नवा अर्ज देते."

"रजा वाढवायचा अर्ज रजा संपायच्या आत लागतो. आता संपली ना?" त्याने फाटकाबाहेर हनुवटी केली. तिथे सावलीला दहाबारा बाया बसल्या होत्या. "रोज येऊन बसतात. एक नाव कटलं की त्यातली एक आत घ्यायची, असा हुकूम आहे. मी काय करू? उद्या सातच्या भोंग्याला तिने मस्टरवर अंगठा दिला, तर मी काही बोलणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

रतनची ती नोकरी म्हणजे तिच्या घराची जमीन होती. वाडवडिलांचं रान कारखान्याच्या कुंपणात गेलं, तेव्हा घरटी एक नोकरी देऊ म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याचा, सावळारामचा, उजवा हात गुऱ्हाळाच्या चरकात गेलेला. म्हणून रतन लागली. हे नाव गेलं की परत मिळायचं नव्हतं.

चिखलीपर्यंत चालत जायचं म्हणजे तासाभराची वाट. छबूबाई पुढे, सुमनताई मागे. सकाळपासून पोटात नुसता चहा होता. पाय उचलत होता म्हणून पडत होता, इतकंच.

रतनच्या दारात तिची सासू कुशाबाई शेंगा फोडत बसली होती. आतल्या खोलीत बाजेखाली निखाऱ्याची शेगडी होती, ओव्याचा वास येत होता. सुमनताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. स्वतःची चूकही सांगितली, काही न झाकता.

कुशाबाईने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"म्हंजी मास्तरीणबाई, तुमच्या इंग्रजीत बाळंतीण लवकर उठती व्हय?"

छबूबाईला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं.

"चुकलं माझं, कुशाबाई."

"चुकलं म्हनून दिस कमी व्हत्यात का? आज सदतिसावा. चाळीस झाल्यावर हिरीला हळदकुंकू वाहायचं, देवाला जायाचं, मग बाईनं बाहीर पडायचं. माझ्या सासूनं पाळलं, मी पाळलं. पोराला काय झालं तर कंपनी येनार हाय का बघाया?"

आतून रतन बोलली. आवाज बसका होता. "आत्याबाई, मी जाते उद्या."

"तू गप. तुला इचारलं न्हाई."

"नोकरी गेल्यावर बी मला कुनी इचारायचं न्हाई," रतन म्हणाली आणि पोर रडायला लागलं म्हणून तिकडे वळली.

मग कुशाबाईने सूप बाजूला सारलं आणि सुमनताईंकडे नीट पाहिलं. "तुमी देवाधर्माच्या हाय. साऱ्या चिंचवडात म्हनत्यात. तुमीच सांगा, चालतंय का? तुमी चालतंय म्हना, मी सोडते तिला."

सुमनताईंच्या तोंडाशी शब्द आला होता, चालतं म्हणून. एक शब्द टाकला की काम झालं असतं. पण ज्या गोष्टीचा त्यांना स्वतःला भरवसा नव्हता, ती दुसरीच्या लेकराच्या जिवावर कशी सांगायची?

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण घरातल्या एकीला अडचण आली की तिचं व्रत दुसरी पुरं करते, एवढं मला माहीत आहे. तुमच्याकडेही करतात. रतनचे उरलेले दिवस मी पाळते. देवाला शिवणार नाही, दिवा लावणार नाही, पोथी उघडणार नाही. चूक माझी, तर दिवसही माझे."

कुशाबाईने हिशेब घातला. "रतन उद्या दिस उगवायच्या आधी उंबरा ओलांडंल. म्हंजी तुमी आत्ता हितनंच धरायचं. आज सांजचा दिवा बी न्हाई."

अकरा वर्षांत सुमनताईंच्या हातचा संध्याकाळचा दिवा चुकला नव्हता. तापातही त्या भिंतीला धरून देवघरापर्यंत गेल्या होत्या. थोरला मुलगा गेला त्या साली त्यांनी तो नेम धरला होता, आणि दिवा आहे तोवर धाकटीला काही होणार नाही असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. कुशाबाईलाही सांगितलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "इथूनच."

कुशाबाईने आत बघून हाक दिली. "रतन, पहाटं लवकर ऊठ. डोक्याला घट्ट बांध, कानात वारं जाईल. दुपारच्या सुट्टीत पोर घिऊन फाटकावर मी येते पाजाया."

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. रंगराव ओसरीवर वाट पाहत होते. सुमनताई देवघराच्या चौकटीबाहेर बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, आज तुम्ही लावा. रंगरावांनी कारण विचारलं नाही. वात वाकडी लागली, तेल सांडलं, उदबत्ती उलट्या बाजूने पेटवायला गेले.

"धाकटी कुठाय?" सुमनताईंनी विचारलं.

"शेजारी खेळतेय. का?"

"काही नाही. जरा हाक मारून ठेवा."

मुलगी आली, सुमनताईंनी तिच्या गळ्याला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मग त्यांनी रंगरावांनी वाढलेले चार घास खाऊन उपास सोडला.

सकाळी शाळेला जाताना त्या वाट वाकडी करून फाटकावरून गेल्या. भोंगा व्हायचा होता. रतन कानाला फडकं गुंडाळून रांगेत उभी होती, छबूबाईचा हात धरून. ज्योतीरामने मस्टर तिच्यापुढे सरकवलं, नाव बोट ठेवून दाखवलं. तिने शाईत अंगठा बुडवून दाबला. चोळी दुधाने भिजली होती, तिच्यावरून तिने पदर ओढून घेतला आणि मागे न बघता आत गेली.

फाटकाबाहेरच्या बायांपैकी एकदोघी उठल्या आणि आपापल्या गावच्या वाटेला लागल्या. सुमनताई थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. आजचा दिवा त्यांनी लावायचा नव्हता, आणि नंतरचे आणखी दोनही. भोंगा झाला, तेव्हा त्या शाळेकडे निघाल्या.