देवघरातला शब्दकोश

मित्रांनो, तुमची कधी कुणी देव समजून पूजा केली आहे का? माझी झाली, आणि तीही बारा महिने. मी मात्र देव नव्हतो, पोथीही नव्हतो. मी इंग्रजी-मराठीचा एक जाडजूड, म्हातारा शब्दकोश आहे.

जळकोटचे दुकानदार गुरुपादप्पा यांनी मला लातूरच्या बाजारातून आणले. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. माझी सोनेरी अक्षरे पाहूनच ते भुलले. दसऱ्याला त्यांनी घरातल्या पोथ्यांबरोबर मलाही पाटावर मांडले, विभूतीचे पट्टे ओढले, बेल वाहिला. सण सरला, पण मला देवघरातून बाहेर काढायचे कुणाच्या मनातच आले नाही. लाल कापडात गुंडाळलेला मी धुपाच्या वासात डोळे मिटून पडून राही.

पोटातले शब्द मात्र जागे असत. इंग्रजी शब्दांचे गोत मोठे! ‘रन’ एकटा असला की धावतो, पण सोबती बदलला की त्याचा स्वभावच बदलतो. ‘अवे’च्या संगतीत तो पळून जातो, ‘इनटू’च्या संगतीत कुणाला अवचित भेटतो, ‘आउट’बरोबर चक्क संपून जातो. दुपारच्या गुंगीत मला वाटे, ही सारी भावंडे ओसरीवर उतरून गप्पा मारत बसली आहेत आणि त्यांना ओळखणारे कुणीतरी येणार आहे.

आली ती नीलम्मा, गुरुपादप्पांची लेक. नवरा वारल्यामुळे ती माहेरी आली होती. तिला मॅट्रिक होऊन नोकरी करायची होती, पण एकदा ती इंग्रजीत नापास झाली होती. ‘द वेल रॅन ड्राय’, म्हणजे ‘विहीर आटली’, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य होते, तिने मराठीत लिहिले, ‘विहीर कोरडी पळाली.’ बिचारीला ‘रन’चा एकच अर्थ ठाऊक! या वेळी गाडी अडली, तर अप्पा शिक्षण बंद करणार होते.

तिची आई दानम्मा हिचा नियम कडक होता. अंघोळ केल्याशिवाय देवघरातल्या कशाला शिवायचे नाही. आणि साल होते बहात्तरच्या दुष्काळाचे. एका घागरीसाठी बायका पहाटेपासून रांगेत उभ्या राहत. घरात अंघोळ फक्त सोमवारी, म्हणून नीलम्माला मीही सोमवारीच भेटे. एरवी ती देवघराच्या उंबऱ्याशी बसून माझ्या कापडाकडे बघत राही. परीक्षा तोंडावर आली होती. मला रडू येई, पण देवाने रडावे कसे?

एके सकाळी दानम्मा तिच्यामागे येऊन उभी राहिली.

“काय बघायलीस गं?”

“पुस्तक, अव्वा. सोमवार लई लांब हाय.”

दानम्मा तिच्याजवळ वाकली. मग तिने विभूतीची गोळी बोटांनी चुरली आणि लेकीच्या कपाळाला, गळ्याला, दंडांना फासली.

“झाली अंघोळ. घे तुझं पुस्तक.”

गुरुपादप्पा दारातून म्हणाले, “अगं, असं कुठं असतंय का?”

“शिव राखेनंच न्हातो न्हवं? त्याला चालतंय, मग माझ्या लेकीला का न्हाई? पानी न्हाई म्हणून तिनं जलमभर असंच बसावं का?”

गुरुपादप्पांनी मान डोलावली आणि ते दुकानात गेले.

त्या दिवसापासून मी रोज उघडू लागलो. नीलम्मा मोठ्याने वाची आणि दानम्मा ज्वारी निवडता निवडता ऐके. “एका शब्दाला इतकी नाती? आपल्या भावकीपरीस जास्त हाईत की!” ती हसून म्हणे. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस.

नीलम्मा पास झाली. काही वर्षे तिने गावात बालवाडी चालवली. पुढे लातूर जिल्हा वेगळा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या आणि तिला तिथे कारकुनाची नोकरी लागली. निघायच्या दिवशी दानम्माने मला देवघरातून काढले, लाल कापड सोडले आणि तिच्या हातात ठेवले.

“अव्वा, देवघर रिकामं दिसंल.”

“दिसू दे. हितं ते मुकं बसत होतं. तुझ्या हातात बोलाया लागलं.”

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला फूल वाहू नका, उघडा. पान दुमडले, शाई सांडली, तरी आम्ही रागावत नाही. पण कुणी उघडलेच नाही, तर आमच्या पोटातले शब्द हळूहळू वाट बघायचे सोडून देतात.