हेडबाईंची सुरूची झाडं

बाबा आणि शेजारच्या हेडबाई यांचं भांडण माझ्या लग्नाच्याही आधीचं. बाईंनी कुंपणाला लागून सुरूची झाडं लावली. ती हां हां म्हणता छपराच्या वर गेली आणि त्यांचा सगळा कचरा आमच्या पन्हळीत पडू लागला. बाबा बस चालवायचे, आवाज हॉर्नसारखा. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका, त्या काय ऐकून घेणार? रोज सकाळी कुंपणाशी दोघांची जुंपायची. मला त्याचा वीट आला होता.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. मी माहेरी येऊन राहिले. डॉक्टर म्हणाले, "बोलतं करा त्यांना. हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे." थेरपिस्ट घरी येऊन चित्रं दाखवायची. कप, किल्ली, मांजर. बाबा ढिम्म. मी लाडीगोडी लावली, चिडले, रडलेसुद्धा.

एकदा त्यांना मागच्या दारी खुर्चीत बसवलं होतं. वाऱ्यानं सुरूच्या वाळक्या काड्या थेट त्यांच्या मांडीवर आणून टाकल्या. बाबा लालबुंद झाले.

"क... कचरा! तोड! तोड ते!"

मी नाचायचीच बाकी होते. तेव्हापासून त्यांची खुर्ची रोज कुंपणाशी. "बाई, पन्हळ तुंबली," एवढं वाक्य सलग आलं, तेव्हा थेरपिस्टनं टाळ्या वाजवल्या.

बाईंना मात्र यातलं कुणी काहीच सांगितलं नाही. त्यांना पलीकडून ऐकू यायचं ते आजारी माणसाचं तुटक ओरडणं. आणि बाई तोंडानं फटकळ असल्या, तरी मनानं लोणी.

तपासणीहून परतलो, तर मागचं अंगण उजेडानं भरून गेलेलं. सगळी झाडं बुंध्यापासून साफ. बाई कुंपणाशी उभ्या होत्या, डोळे भरलेले.

"भाऊ, इतकी वर्षं उगाच छळलं तुम्हाला. आता निवांत पडा."

बाबांनी डावा हात छातीशी नेला. "आ... आभार," म्हणाले.

त्यानंतर शब्द नाही. मी रोज खुर्ची नेऊन ठेवते, आणि बाबा मोकळ्या आभाळाकडे बघत बसतात. त्या झाडांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, आता त्यांच्यासाठी जीव तुटतो.

शेवटी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि तडक घरात गेल्या. परत आल्या त्या स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली घेऊन. एवढ्या शिस्तीच्या हेडबाई, त्यांनी ती आमच्या अंगणात, बाबांच्या पायाशी उपडी केली.

"ओरडा ना, भाऊ! घाण केलीय मी! एक तरी शिवी द्या हो!"

बाबा त्यांच्याकडे बघून मायेनं हसले. मग वाकले, आणि डाव्या हातानं एकेक साल उचलून बादलीत टाकू लागले.