पहिल्या नंबरचं गिऱ्हाईक

नंदकुमारला आधी वाटलं, मीटिंगमधल्या पडद्यावर चुकून आपलं नाव लागलंय. बोरिवलीकडच्या साइट्सवर फ्लॅट विकण्यात त्याची उभी हयात गेली, पण गिऱ्हाइकं नोंदवणारं नवीन सॉफ्टवेअर आलं आणि त्याची पार वाट लागली. ट्रेनिंगला तो पुढे बसायचा, मान डोलवायचा आणि बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरच्या जान्हवीला विचारायचा, "अगं, म्हणजे नक्की दाबायचं काय?" आणि आता हा बाबा सगळ्या साइट्समध्ये पहिला!

"झकास, नंदूकाका!" मालकांची मुलगी शर्मिष्ठा म्हणाली. कंपनीतलं टेक्नॉलॉजीचं सगळं तीच बघायची. "तुमचं गिऱ्हाईक सिस्टिमने एक नंबरला टाकलंय. राजाराम घाडी. दर रविवारी येतात, तासन्‌तास थांबतात. हे बुकिंग करणारच! तेवढं उरका, की तिन्ही साइट्सचे डिजिटल हेड तुम्हीच."

नंदकुमारने ते नाव मनात पुन्हा म्हटलं. घाडी? अहो, ते मालवणकडचे, बंद पडलेल्या गिरणीतले कामगार, दहिसरला भाड्याच्या खोलीत राहणारे. नवरा-बायको रविवारी सॅम्पल फ्लॅटच्या गॅलरीत वारा खायला यायचे, बस. नंबर टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर कुणाला आत सोडू देत नाही, म्हणून हाच दर खेपेला त्यांचा मोबाइल नंबर भरायचा. हे सांगायला त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि मेल्याला त्या आवडल्याही. शिवाय मनात आलं, सिस्टिमला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, काय सांगावं! त्याने उठून सगळ्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडतंय तोवर घाडी दोघंही दारात. राजाराम इस्त्रीच्या शर्टात, विमलाबाई ठेवणीतल्या साडीत, हातात पेढ्यांचा पुडा.

"साहेबांनू, लॉटरी लागली! घर गावलां!"

राजारामने मोबाइल पुढे केला. सिस्टिमने आपणहून मेसेज धाडला होता: 'अभिनंदन! तुमची निवड झाली आहे. तुमचं घर तुमची वाट बघतंय.' खाली नाव कुणाचं? नंदकुमारचं!

आता डोक्याला हात लावावा की काय करावं? गिरणी कामगारांना घरं द्यायला सरकारची सोडत निघते, तिच्यात राजारामने कधीचा अर्ज भरून ठेवला होता. त्याला वाटलं, तीच लागली आणि रविवारी बघतो तेच घर पदरात पडलं.

"घाडी, थांबा, ऐका जरा..."

पण ऐकतो कोण! विमलाबाई थेट सॅम्पल फ्लॅटच्या स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. पिशवीतून पातेलं काढून त्यांनी दूध ओतलं होतं. नव्या घरात दूध उतू घालवायचं होतं ना त्यांना.

"गॅस लागणा नाय ओ," बटण फिरवत त्या म्हणाल्या.

लागणार कसा? शेगडी नुसती दाखवायची होती. खाली नळीसुद्धा नव्हती.

मग नंदकुमारने सांगितलं. अडखळत, शब्द गिळत, पण सगळं सांगितलं. हे घर विकायचं आहे, लॉटरीचं नाही. मेसेज आपण पाठवलाच नाही.

"मगे आमका बोलवल्यान कोणी?" राजारामने विचारलं.

"सिस्टिमने. म्हणजे कॉम्प्युटरने. चुकला तो."

राजाराम सोफ्यावर बसला. कॉम्प्युटर चुकतो कसा, हे त्याला उमगेना, आणि खरं सांगायचं तर नंदकुमारलाही उमगत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं, की काल तोंड उघडलं असतं तर हे दोघं आज इथे नसते. त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"ती सोडत पण कॉम्प्युटरच काढता," राजाराम हळूच म्हणाला. "दर वेळेक माझां नाव येणा नाय. इचारूक गेलो की सायब म्हणतंत, कॉम्प्युटर चुकणा नाय." त्याने मोबाइल नंदकुमारच्या हातात ठेवला. "आज पयल्यांदा नाव इलां, तर कॉम्प्युटर चुकलो?"