धनेशाची भिंत

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नीला दर रविवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग घेई. जमणारी मुलं दिल्लीतच वाढलेली. त्यांच्या लेखी पुस्तकं दोनच प्रकारची होती : गोष्टीची आणि अभ्यासाची. खऱ्या माहितीच्या पुस्तकांतही किती तऱ्हा असतात, हे त्यांना कळावं म्हणून त्या मे महिन्यात तिने पक्ष्यांवरची दोन पुस्तकं सतरंजीवर ठेवली आणि दोन्हींत काय वेगळं दिसतं ते शोधायला सांगितलं.

आठ वर्षांच्या हेरंबने जाडं पुस्तक उचललं. यात प्रत्येक पक्ष्याला एकेक पान आहे, चित्र आहे, मागे सूची आहे, म्हणजे हे कुठूनही उघडलं तरी चालतं, असं त्याने सांगितलं. दुसरं पातळ होतं. एका माणसाने राखी धनेशाचं एकच घरटं पाहून लिहिलेलं. कृतिका सहा वर्षांची. ती त्यातल्या ओळींवरून बोट फिरवत होती.

मग म्हणाली, "मावशी, जाड्या पुस्तकात कुणीच नाहीये. ह्याच्यात ‘मी’ आहे."

 हाच फरक नीला शेवटी समजावून सांगणार होती.

तिने पातळ पुस्तकातलं एक पान वाचून दाखवलं. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते. फक्त एक फट ठेवते. नर बाहेरून चारा भरवतो. जाड्या पुस्तकातही एका ओळीत तेच होतं. तरी मुलांना पटेना. हेरंबला ते गोष्टीतलंच वाटलं. नीलाने तरी ते कुठे पाहिलं होतं?

कृतिका मात्र विचारात पडली. स्कूल व्हॅनची वाट बघताना समोरच्या जुन्या शिरीषाच्या ढोलीला कुणीतरी माती लावलेली तिने पाहिली होती. तिने तसं सांगितलं आणि सगळे तिच्यामागून निघाले.

ढोलीचं तोंड खरंच लिंपलेलं होतं. मधोमध उभी, बोटभर फट. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, बाजाराकडे जाणारी गर्दी. कुणाचंच वर लक्ष नव्हतं. उन्हात ताटकळून मुलं कंटाळली, तेवढ्यात एक लांब शेपटीचा राखाडी पक्षी खोडाला येऊन बिलगला. त्याने मान हलवून गळ्यातून पिंपळाचं एक फळ चोचीत आणलं आणि फटीशी धरलं. आतून चोचीचं टोक पुढे आलं. फळ आत गेलं. मग दुसरं. मग तिसरं. इतक्या लहान गळ्यात इतकी फळं मावली तरी कशी, कोण जाणे.

 पुस्तकातली ती एक ओळ नीलाने किती वर्षं मुलांना वाचून दाखवली होती.

"ती आत आहे," कृतिका कुजबुजली. "बिल्कुल अंधारात."

हेरंबने तिचा हात धरला. नर उडून गेला तरी कुणी हललं नाही. वरच्या गॅलरीतून कुणाची तरी आई जेवायला हाक मारत होती. मुलं माना वर करून, फटीतल्या त्या पिवळसर टोकाकडे पाहत तशीच उभी होती.