तळाची खरवड

महादू सावंतवाडीकडचा कुंभार. बापाचं चाक बंद पडलं म्हणून तो शारजात मजुरीला आला आणि १९९५च्या हिवाळ्यात ठेकेदाराने त्याला मलेह्याला उत्खननाच्या कामावर धाडलं. तिथे वाळूखालून एक मातीचं भांडं जवळजवळ अखंड निघालं. गोल पोटाचं, दोन कानांचं, आणि इतकं पातळ की हातात घेताना महादूने श्वास रोखला.

"नबाती लोकांचं," उत्खनन चालवणाऱ्या, जॉर्डनहून आलेल्या हलिमा मॅडम मोडक्या हिंदीत म्हणाल्या. "दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या मुलखातून इथे आलं. यात कुणीतरी रोज रांधत होतं."

मॅडम दोन दिवस अबुधाबीला गेल्या. भांड्याच्या आत घडवणाऱ्याच्या बोटांच्या रेषा होत्या, पण तळाशी काळी खरवड चिकटलेली. महादूला त्या रेषा तळापर्यंत बघायच्या होत्या. शिवाय असलं सुरेख भांडं मळकं ठेवणं त्याच्या जिवावर आलं. दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा त्याने ओल्या ब्रशने ते आतून-बाहेरून लख्ख घासलं.

परत आल्यावर मॅडमनी भांडं उचलून आत बघितलं. "खरवड कुठे गेली? काय शिजवत होते, ते तिच्यावरूनच कळणार होतं!"

सापडलेल्या वस्तू धुण्याचं काम पेशावरच्या अजीजकडे असे. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"मैंने नहीं धोया," तो एवढंच म्हणाला.

"खलास. कल से मत आना," सुपरवायझरने सुनावलं. शेजारी उभा असलेला महादू फावडं उचलून खड्ड्याकडे वळला.

चौथ्या दिवशी त्याने मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी लगेच चौकशी केली, पण अजीजच्या जागी दुसरा माणूस आला होता आणि ठेकेदाराने अजीजला अबुधाबीला रस्त्याच्या कामावर पाठवलं होतं.

शुक्रवारी महादू बसने तिथल्या कॅम्पवर गेला. अजीजने चहा दिला. महादू अडखळत बोलायला लागला, तसा तो म्हणाला, "मालूम है. धोते हुए देखा था तुझे."

"फिर बोला क्यों नहीं?"

"सोचा, तू खुद बोलेगा."

अजीज त्याला बसपर्यंत सोडायला आला. महादूला माफी मागायची होती, पण अजीज महादूच्या गावाकडच्या मुलीच्या शाळेचं विचारत राहिला आणि बस आली.

पुढे सात वर्षं महादू त्याच देशात होता. अजीजला पुन्हा भेटायला जायचा धीर त्याला कधीच झाला नाही.