चौदाव्या टोपलीमागची वाट

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. फुलांची नव्हे, लोखंडाची. गावच्या लोहाराने मला खांबावर बसवले, वरून साखळ्या सोडल्या आणि फिनलंडच्या या जंगलात चौदाव्या क्रमांकावर रोवले. डिस्क गोल्फचे खेळाडू टेकाडापलीकडून चकती फेकतात. ती साखळ्यांवर आदळून माझ्या पोटात पडली की मला धन्य वाटते.

टेकाडामुळे त्यांना मी दिसत नाही. म्हणून वीस वर्षे म्हातारा ताइस्तो सामन्यांत माझ्याजवळ लाल झेंडा घेऊन उभा असे. वाट मोकळी असली की झेंडा वर. डोळ्यांत तेल घालून तो हे काम करी. माझ्यामागे त्याची शेजारीण हिल्का ब्लूबेरी खुडत, खेळाडूंची टर उडवत बसे. जंगल सगळ्यांचे, कुणीही यावे, बेरी खुडाव्यात, अशी इथली रीत.

या उन्हाळ्यात सामने पाहायला तिकीट लागले. संयोजक यार्क्को दोर बांधत माझ्यापाशी आला.

"ताइस्तो, उद्या तुम्ही फाटकावर. तिकिटं तपासायला माणूस कमी पडतोय."

"आणि इथे कोण?"

"इथे आता येणार कोण? दोर बांधलाय ना. प्रेक्षक सगळे टेकाडापलीकडे, जाळीमागे."

"या दोराला कोण भीक घालतंय," ताइस्तो पुटपुटला. पण गेला.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी वारा पडला होता, पाखरेही गप्प होती. दुपारी मागच्या वाटेने हिल्का आली, दोराखालून वाकून.

"वीस युरो म्हणे," ती बडबडत होती. "जंगलाला कसलं आलंय तिकीट? आणि हा ताइस्तो मलाच म्हणतो, तिकीट नाही तर आत नाही. मोठा आला शहाणा."

ती बेरी खुडायला खाली बसली. टेकाडापलीकडून आवाज आला, "वाट मोकळी?"

"मोकळीच," यार्क्को म्हणाला. "तिकडे कुणाला सोडलेलंच नाही."

मला ओरडता येत नाही. मित्रांनो, त्या क्षणाइतकी मी कधीच भ्याले नव्हते. चकती वळत आली, माझ्या कडेला घासून पुढे गेली. मग जो आवाज झाला तो साखळ्यांचा नव्हता. पलीकडे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चकती घ्यायला आलेला खेळाडू किंचाळला, तसा ताइस्तो फाटक टाकून धावत आला. हिल्काने उजवा डोळा तळव्याने दाबून धरला होता. बोटांमधून रक्त येत होते.

"मी मागून येणार, हे तुला ठाऊक नव्हतं?" तिने विचारले.

ताइस्तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला.

"ठाऊक होतं," तो म्हणाला.

हिल्काचा तो डोळा गेला. मित्रांनो, माझा गंज काढा, मला जपा, असे मी सांगणार होते. आता एवढेच सांगते: पैसे भरून आलेल्याला जपाच, पण न भरता आलेला माणूसही याच जंगलात उभा असतो.

पुढच्या सामन्यांचे दोर कालच आणून टाकले आहेत. फाटकावरचा माणूस ठरला आहे. माझ्याजवळचा अजून ठरलेला नाही.